आतड्यातले जिवाणू आणि साखर : वाचकांच्या शंका

गेल्या अंकात आतड्यातल्या जिवाणूंचा आणि मधुमेहाचा संबंध सांगणारी एक छोटी चौकट छापली होती. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे थोडी कापून, नावं न देता घेतली आहेत. उत्तरं मधुमेहतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञांनी मिळून लिहिली आहेत. औषधांचे डोस समजावेत म्हणून दिलेत. ते वाचून घरच्या घरी गोळी कमी-जास्त करू नये.

मी एसटीतून निवृत्त झालेला चालक, वय ६१. आठ वर्षांपासून शुगर आहे. मोबाइलवर बघितलं, शुगर पोटातल्या जंतूंमुळं होते, जंतू बदलले की गोळ्या बंद. त्याच्यासाठी शौचाची तपासणी करायची म्हणतेत, हजारांत पैसे लागायलेत. करू का?
— परळी वैजनाथ

करू नका. त्या पैशात वर्षभराच्या कामाच्या तपासण्या होतील. त्या कोणत्या, ते शेवटी येतंच.

व्हिडिओतलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. आपल्या अंगात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. सगळ्यांचं मिळून वजन पाव किलोच्या आत. लहान आतड्यात जे पचलं नाही, ते यांच्या वाट्याला येतं. भाजीतला, डाळीच्या सालीतला, धान्याच्या कोंड्यातला चोथा ते आंबवतात आणि त्यातून तीन आम्लं तयार होतात : अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः ब्युटिरेटवर जगतात. ही आम्लं अस्तरातल्या काही पेशींना जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडायला लावतात. जेवणानंतर इन्सुलिन वाढवणं, भूक आवरणं हे त्याचं काम. हल्ली गाजत असलेलं सेमाग्लुटाइड हे औषध याच संप्रेरकाची नक्कल करतं.

चोथा कमी आणि तेलतूप जास्त झालं, की आतड्याचं अस्तर सैल पडतं, जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपतात, अंगात बारीक सूज कायम राहते आणि इन्सुलिनचा असर कमी होतो. ही साखळी उंदरांमध्ये २००७ सालीच स्पष्ट दाखवली गेली. माणसात ती इतकी सरळ नाही. २०१२ मध्ये चीनमधल्या ३४५ जणांच्या शौचाची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा मधुमेहींमध्ये ब्युटिरेट बनवणारे जिवाणू कमी आढळले. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या स्त्रियांमध्येही साधारण तसंच चित्र दिसलं. पण २०१५ मध्ये एक गोम लक्षात आली. ज्याला 'मधुमेहींचे जिवाणू' म्हणत होते, त्यातला बराच फरक मधुमेहामुळे नव्हताच. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीमुळे होता. आजारामुळे जिवाणू बदलले, गोळीमुळे बदलले की ताटामुळे, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही. तुमच्या रिपोर्टचंही तेच होणार.

'जंतू बदलले की गोळ्या बंद' हे मात्र साफ खोटं. नेदरलँड्समध्ये सडपातळ माणसाच्या शौचातले जिवाणू लठ्ठ पुरुषांच्या आतड्यात सोडून पाहिले. सहा आठवड्यांनी इन्सुलिनचा असर थोडा सुधारला. नंतरच्या प्रयोगात अठराव्या आठवड्यापर्यंत ती सुधारणा विरून गेली होती. शिवाय ही माणसं मधुमेहाच्या गोळ्यांवर नव्हतीच.

शौच-तपासणीत निरोगी माणसाचा आकडा अमुक, असं जगात कुठेही ठरलेलं नाही. भाकरी-वरण खाणाऱ्याच्या आतड्यात प्रेव्होटेला जातीचे जिवाणू भरपूर असणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे. परदेशी मापानं लावलेल्या रिपोर्टात तेच 'असंतुलन' म्हणून छापून येऊ शकतं. आणि रिपोर्ट काहीही आला तरी तपासणी विकणाऱ्यांचा पुढचा सल्ला एकच : चोथा वाढवा, आणि आमच्या कॅप्सूल घ्या.

पैसे इथे घाला. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी; साखर स्थिर असेल तर सहा महिन्यांनी. वर्षातून एकदा लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण, रक्तातलं क्रिएटिनिन (दोन्ही किडनीसाठी), कोलेस्टेरॉल, बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी, आणि तळपायाची नायलॉनच्या धाग्यानं संवेदना तपासणी. मेटफॉर्मिन चार-पाच वर्षांपासून चालू असेल तर बी-१२ सुद्धा.

मी शिक्षिका, वय ४७. चपाती बंद करून ज्वारी खा म्हणून सांगितलं. दोन महिने झाले, दोन्ही वेळा तीन-तीन भाकरी खायलेय, पण साखर काही खाली येईना. उलट जेवणानंतरची २४० झाली. वर पोट गच्च, गॅस. ज्वारी चांगली तर मग हे काय?
— लातूर

भाकरी एकदा तराजूत घाला, उत्तर तिथेच मिळेल. घरातली चपाती साधारण ३० ग्रॅम पिठाची असते. आपल्याकडची हातावर थापलेली भाकरी ६० ग्रॅमच्या खाली क्वचित असते. तीन चपात्या म्हणजे ९० ग्रॅम पीठ, त्यातून साधारण ५८ ग्रॅम कर्बोदकं. तीन भाकरी म्हणजे १८० ग्रॅम पीठ, म्हणजे १२० ग्रॅम कर्बोदकं. तुम्ही ज्वारीवर आलात, पण ताटातली साखर दुप्पट केलीत.

दुसरी गोष्ट ऐकायला बरी वाटणार नाही. १०० ग्रॅम ज्वारीत चोथा सुमारे १० ग्रॅम असतो, आणि न चाळलेल्या गव्हाच्या पिठात सुमारे ११. म्हणजे चोथ्याच्या हिशेबात ज्वारी गव्हाच्या पुढे नाही. फरक पडतो तो चाळणीमुळे. कणीक बारीक चाळणीनं चाळतात आणि कोंडा जनावराला जातो. भाकरीचं पीठ बहुतेक घरांत तसंच मळलं जातं. तुम्ही भाकरीचंही पीठ चाळत असाल तर आजपासून थांबवा. खडे-काड्या जातील एवढी जाड चाळणी पुरे. 'परभणी शक्ती' या वाणात लोह-जस्त जास्त आहे म्हणून तो घ्यावा का, असंही तुम्ही विचारलंय. रक्त कमी असेल तर जरूर घ्या. साखरेला त्यानं काही फरक पडत नाही.

आता करायचं काय? पंधरा दिवस पीठ मोजून घ्या. ५० ग्रॅम पिठात पाणी घालून मळलं की उंडा ९०-१०० ग्रॅमचा होतो. तो एकदा हातात धरून पाहिला की पुढे तराजू लागत नाही. एका वेळी अशी दीड भाकरी. उरलेल्या दीड भाकरीची जागा डाळ आणि भाजीनं भरायची. दिवसाचा हिशेब असा होतो :

तीन भाकरी, १५० ग्रॅम पीठ : चोथा १५ ग्रॅम.
तुरीची डाळ ३० ग्रॅम (कच्ची मोजून) : जवळपास ३ ग्रॅम.
सालासकट मूग ३० ग्रॅम : ५ ग्रॅम.
मेथी किंवा गवार, दोन वेळचं मिळून २०० ग्रॅम : ९ ग्रॅमपेक्षा जास्तच.
जवसाची चटणी दोन चमचे, १० ग्रॅम : अडीच ग्रॅम.

झाले चौतीस-पस्तीस ग्रॅम. दिवसाला २५ ते ४० ग्रॅम चोथा असावा, असं साधारण सांगितलं जातं. चीनमध्ये २०१८ साली ४३ मधुमेहींवर बारा आठवडे प्रयोग झाला. दोन्ही गटांना अकार्बोज ही एकच गोळी होती. एका गटाला वर वेगवेगळ्या प्रकारचा भरपूर चोथा. त्या गटाचं एचबीए१सी जास्त उतरलं, आणि त्यांच्या आतड्यात आम्लं बनवणाऱ्या जिवाणूंचा एक ठरावीक संचही वाढला. यातला 'वेगवेगळ्या प्रकारचा' हा शब्द धरून ठेवा. नुसती ज्वारी कितीही खाल्ली तरी जिवाणूंना रोज एकच जिन्नस मिळतं. गवारीतला डिंक, जवसाचा चिकटपणा, कांदा-लसणातलं इन्युलिन (हा चोथाच, इन्सुलिन नव्हे), डाळीच्या सालीतला चोथा : प्रत्येकाला खाणारे जिवाणू वेगळे.

गॅस त्याच जिवाणूंचा. एकदम ३० ग्रॅमवर उडी मारली की ते मिळेल ते आंबवतात आणि पोट फुगतं. आठवड्याला साधारण पाच ग्रॅमनं वाढवा. पहिल्या आठवड्यात फक्त भाजी वाढवा, दुसऱ्यात मूग आणा, मटकी तिसऱ्यात. हरभरा, वाटाणा, राजमा सगळ्यात शेवटी. कडधान्य आठ तास भिजवून पाणी टाकून द्या. गॅस करणाऱ्या साखरेतला काही भाग त्या पाण्यातून जातो. मोड आणले तर आणखी बरं. दोन-तीन आठवड्यांत पोट सरावतं. नाही सरावलं, वजन उतरायला लागलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर दोष भाकरीवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा.

खरं-खोटं मीटरवर बघा. जेवणाआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. हुरड्याच्या दिवसांतही हेच करा. कोवळ्या कणसात साखर जास्त असते, आणि सोबतचा गूळ, रेवड्या तर कुणी मोजतच नाही.

मी ऊसतोडीचा मुकादम आहे, वय ४४. मेटफॉर्मिन चालू केल्यापासून दिवसाला चार-पाच वेळा पातळ शौचाला होतंय. फडात कुठं सोय असते? मी गोळी बंद केली.
— केज, जि. बीड

तुमची अडचण खरी आहे, आणि गोळी बंद न करताही ती सुटू शकते.

मेटफॉर्मिनचं बरंचसं काम आतड्यातच होतं. आतड्याच्या अस्तरात तिचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं. गोळी चालू केल्यावर काही आठवड्यांतच जिवाणूंची वस्ती बदलते. काही आम्लं बनवणारे वाढतात, सोबत ई. कोलायसारखे गॅस-जुलाब करणारेही वाढतात. त्यामुळे गोळीचा फायदा आणि तिचा त्रास, दोन्हींत जिवाणूंचा हात असावा, असं दिसतं.

त्रास सहसा दोन कारणांनी होतो : सुरुवातच १००० मिलिग्रॅमनं होते, किंवा गोळी रिकाम्या पोटी घेतली जाते. डॉक्टरांना विचारा की ५०० मिलिग्रॅमची एसआर किंवा ईआर, म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी, फक्त रात्रीच्या जेवणासोबत चालू करता येईल का. सोसली तर आठवड्यानं आणखी ५००. ही गोळी जेवता जेवता किंवा जेवण संपताच घ्यायची, चहासोबत नाही. ती फोडायचीही नाही, चावायचीही नाही. कधी शौचात गोळीचं अख्खं टरफल दिसतं; औषध निघून गेलेलं असतं, घाबरू नका. सुरुवात शक्यतो हंगामाआधी, घरी असताना करा. पहिल्या दोन आठवड्यांत त्रास सगळ्यात जास्त असतो.

जुलाब-उलट्या जोरात असतील, ताप असेल, उन्हात पाणी कमी पडलं असेल, तर तेवढे दिवस मेटफॉर्मिन थांबवायला डॉक्टर स्वतःच सांगतात. ते वेगळं. मूत्रपिंडाचं काम, म्हणजे ईजीएफआर, ३० च्या खाली असेल तर ही गोळी चालत नाही.

वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यात बी-१२ कमी होतं, आणि माळकरी, शाकाहारी माणसात ते आधीच काठावर असतं. पायाला मुंग्या, जळजळ, चालताना तोल जाणं ही लक्षणं मधुमेहानं नस खराब झाल्यासारखीच दिसतात. त्यामुळे पायाच्या गोळ्या वर्षभर चालतात आणि बी-१२ कुणी तपासतच नाही. आकडा २०० च्या खाली असेल तर ते भरून काढावं लागतं.

शिळा भात, शिळी भाकरी खाल्ली तर साखर कमी वाढते म्हणतात. खरं का?
— नांदेड

थोडं खरं. शिजलेला स्टार्च थंड झाला की त्यातला काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो, लहान आतड्यात पचत नाही आणि जिवाणूंकडे जातो. एका मोजणीत १०० ग्रॅम ताज्या भातात असा स्टार्च ०.६४ ग्रॅम होता. चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. वाढ दिसायला अडीच पट, पण हाताला लागतो एक ग्रॅम. शिळा आहे म्हणून दुप्पट भात खाल्ला तर सगळं मुसळ केरात.

धोका दुसरीकडे आहे. नांदेडच्या मे महिन्यात झाकून ठेवलेल्या भातात बॅसिलस सेरिअस हे जंतू वाढतात, आणि त्यांचं उलटी करणारं विष गरम केल्यानं जात नाही. भात तासा-दीड तासात पसरून गार करायचा, लगेच फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात हा नाद नको. भाकरी कोरडी असते, रात्रीची सकाळी ताकात कुस्करून खायला हरकत नाही. मोजून.

मेडिकलवर प्रोबायोटिकच्या पुड्या मिळतात. त्या घ्याव्यात की घरचं ताक पुरे?
— धाराशिव

साखरेसाठी पुडी विकत घेऊ नका. वेगवेगळ्या प्रोबायोटिकचे बरेच प्रयोग झालेत. साखरेतली घट किरकोळ, आणि तीही सगळ्यांत नाही. बाहेरून आलेले जिवाणू आतड्यात वस्ती करत नाहीत, पुडी थांबली की निघून जातात. ज्याची सगळ्यात जास्त जाहिरात होते त्या अकरमॅन्सिया या जिवाणूचा २०१९ मधला प्रयोग ३२ लठ्ठ माणसांवर तीन महिने झाला. त्यातही उष्णता देऊन मारलेले जिवाणू जिवंत जिवाणूंपेक्षा बरे ठरले आणि इन्सुलिनचा असर सुधारला. हे सगळे मधुमेहाच्या आधीच्या टप्प्यातले लोक होते.

ताक चांगलं, पण साखर न घालता. कढी उकळली की त्यातले जिवाणू मेले, चव आणि प्रथिनं राहिली. आंबीलही तशीच : ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवून सकाळी शिजवतो, तेव्हा जिवंत काही उरत नाही. तरी वाटीभर आंबील गोड चहा-बिस्किटापेक्षा कितीही बरी. फक्त तिच्यातलं पीठ भाकरीच्या हिशेबात धरा.

आईला बावीस वर्षांपासून मधुमेह, इन्सुलिन चालू आहे. हल्ली दोन घास खाल्ले की पोट भरतं. सकाळी उलटी होते, त्यात रात्रीची भाजी तशीच दिसते. रात्री पातळ शौचाला होतं, कधी कधी अंथरुणातच. जेवल्यावर तासाभरात घाम येतो, तेव्हा साखर ५८ होती. पहाटे ३०० च्या वर. सगळे म्हणतात चोथा वाढवा, म्हणून इसबगोल आणि कच्च्या काकड्या देतोय.
— वसमत, जि. हिंगोली

इसबगोल आणि कच्च्या काकड्या आजच थांबवा. चोथ्याचं जे कौतुक वर केलंय, ते तुमच्या आईला लागू नाही.

मधुमेह जुना झाला की पोटाला चालवणाऱ्या नसा निकामी होऊ शकतात. जठर रिकामं व्हायला नेहमीपेक्षा फार वेळ लागतो. बारा तासांपूर्वीची भाजी उलटीत दिसणं ही त्याची ठळक खूण. इन्सुलिन वेळेवर काम करतं, पण अन्न जठरातच अडकलेलं असतं, म्हणून जेवल्यावर साखर पडते. तेच अन्न रात्री उशिरा खाली उतरतं तेव्हा इन्सुलिन संपलेलं असतं, म्हणून पहाटे ३००. इथे कच्चा चोथा दिला तर जठरात त्याचा गोळा बसू शकतो.

रात्रीच्या जुलाबाचं कारण थोडं खाली आहे. उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी लहान आतड्यातून आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते. नसा गेल्या की ही लाट मंदावते. मग मोठ्या आतड्यातले जिवाणू, जे आपल्या जागी उपयोगाचे, ते लहान आतड्यात येऊन बसतात. अन्न पचायच्या आत आंबवतात, पित्तक्षार मोडतात, बी-१२ खातात. पोट फुगणं, न दुखता पाण्यासारखे जुलाब आणि वजन उतरणं हे त्यातून येतं.

पोटविकारतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका. आधी दुर्बिणीनं जठराच्या तोंडाशी अडथळा नाही ना, ते पाहतात. मग किरणोत्सर्गी अन्न देऊन चार तासांत जठर किती रिकामं झालं, ते मोजतात. लहान आतड्यातल्या जिवाणूंसाठी श्वासाची तपासणी असते. तिच्यात ग्लुकोज पाजतात, म्हणून त्या दिवशी साखरेवर लक्ष हवं. ती सोय जवळ नसेल तर काही डॉक्टर लक्षणांवरून रिफॅक्सिमिनसारखं प्रतिजैविक काही दिवस देऊन पाहतात. जुलाबाची साधी कारणं आधी बाजूला काढावी लागतात : मेटफॉर्मिन, दूध न पचणं, 'शुगर-फ्री' मिठाईतलं सॉर्बिटॉल, थायरॉइड. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा.

जेवण दिवसातून पाच-सहा वेळा, एका वेळी वाटीभर. गुरगुट्या भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, सोलून शिजवून घोटलेला दुधी, ताक, पातळ खिमट. तेल-तूप कमी, कारण स्निग्धानं जठर आणखी मंदावतं. हरभऱ्याचं पिठलं, शेंगदाण्याचं कूट, मेथीची भाजी, संत्र्याच्या फोडी सध्या नकोत. जेवल्यावर दोन तास आडवं होऊ द्यायचं नाही, अंगणात थोडं चालवायचं. जेवणाचं इन्सुलिन जेवणाआधी द्यायचं की जेवण पोटात टिकल्यावर, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पण रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन उलटी झाली म्हणून स्वतःहून बंद करू नका. मेटोक्लोप्रामाइडची गोळी मिळालीच तर ती महिनोन्महिने चालवू नका. बारा आठवड्यांपलीकडे तोंडाच्या, जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली मागे लागण्याचा धोका वाढतो. दिवसभर पाणीही टिकत नसेल, श्वास जोरात चालत असेल किंवा आई गुंगीत वाटली, तर सकाळची वाट पाहू नका.

वडिलांचं क्रिएटिनिन २.१ आहे, लघवीतून प्रोटीन जातं. आतड्यातल्या जंतूंमुळं किडनी खराब होते असं वाचलं. मग चोथा द्यायचा की नाही?
— जालना

किडनी खराब होण्याची मुख्य कारणं वर्षानुवर्षांची साखर आणि रक्तदाब हीच. जिवाणू त्या आगीत तेल ओततात.

त्यांना चोथा कमी आणि न पचलेली प्रथिनं जास्त मिळाली, की ते प्रथिनंच मोडतात. ट्रिप्टोफॅनपासून इंडोल, टायरोसिनपासून पी-क्रेसॉल बनतं. यकृत त्याचं इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट करतं आणि किडनीनं ते लघवीवाटे फेकायचं असतं. किडनी थकली की ही द्रव्यं रक्तात साचतात आणि किडनीला, रक्तवाहिन्यांना आणखी इजा करतात. ती प्रथिनांना चिकटून राहतात, म्हणून डायलिसिसनंही नीट निघत नाहीत. बद्धकोष्ठ असेल तर हा कारखाना जास्त वेळ चालतो. जपानमध्ये ही द्रव्यं शोषणारा खास कोळसा औषध म्हणून देतात. पण मोठ्या चाचण्यांत त्यानं किडनीचा ऱ्हास रोखल्याचं दिसलं नाही. तेव्हा कोळशाच्या कॅप्सूल कुणी गळ्यात मारू नये.

म्हणून चोथा हवा, पण पोटॅशियम पाहून. रक्तातलं पोटॅशियम ५ च्या आत असेल तर भाकरी, मोजकी डाळ, दुधी, दोडका, गवार, कोबी चालेल. ५.५ च्या वर असेल तर पालेभाज्या, बटाटा, टोमॅटो, नारळपाणी, केळी यांच्यावर बंधन येतं. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं. पोटॅशियम बरंच उतरतं, चोथा राहतो. 'लो सोडियम' मीठ घरात आणू नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. प्रथिनं दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅमच्या आसपास. ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. प्रोटीन पावडर नाही. शौचाला रोज साफ व्हायला हवं; इसबगोल एक चमचा पूर्ण ग्लासभर पाण्यात चालतो, मात्र पाण्यावर मर्यादा घातली असेल तर आधी विचारा, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब घ्या.

चहात साखरेऐवजी गोडव्याच्या गोळ्या टाकतो. त्यानं जिवाणू मरतात का?
— उदगीर

मरत नाहीत, बदलतात. २०२२ मध्ये १२० निरोगी माणसांना दोन आठवडे वेगवेगळे गोडवे दिले, तेव्हा सॅकरीन आणि सुक्रालोजनं काहींची साखर जास्त वाढू लागली, काहींची नाही. दिवसाला दोन-तीन गोळ्यांची भीती बाळगू नका. तीन चमचे साखरेच्या चहापेक्षा त्या बऱ्या. सवय मात्र कमी करत जा. 'शुगर-फ्री' पेढे-बर्फीचा खवा आणि मैदा कुणी काढून घेतलेला नसतो, हे लक्षात असू द्या.

खोकला-तापाला मेडिकलवरून अँटिबायोटिक घेतो. शुगरवाल्यानं घ्यावं का?
— अंबड

चिठ्ठीशिवाय नाही. एका कोर्सनं जिवाणूंची वस्ती उद्ध्वस्त होते आणि पूर्ववत व्हायला आठवडे ते महिने लागतात. शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांनी साखर एकदम खाली किंवा वर जाऊ शकते. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी एक गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर फार खाली जाऊ शकते. याच गटातल्या गॅटिफ्लॉक्सासिनची गोळी आणि इंजेक्शन भारतात २०११ मध्ये बंद करण्यात आलं. डॉक्टरांनी दिलंच तर मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत ते त्यांना सांगा, आणि कोर्स चालू असेपर्यंत रोज साखर तपासा.

व्होग्लिबोज घेतल्यापासून पोटात गुडगुड. त्यात परवा साखर उतरली, घरच्यांनी साखर चारली तरी लवकर चढेना.
— परभणी

दोन्हींचं कारण एकच. व्होग्लिबोज आणि अकार्बोज स्टार्च आणि साखर लहान आतड्यात फोडू देत नाहीत. न फुटलेला माल मोठ्या आतड्यात जातो, जिवाणू तो आंबवतात, म्हणून गुडगुड. काही आठवड्यांत ती कमी होते. गोळी पहिल्या घासासोबत घ्या. जेवण नाही तर गोळीही नाही.

घरची साखरसुद्धा फोडल्याशिवाय रक्तात जात नाही, म्हणून ती लवकर चढली नाही. साखर उतरली ती बहुधा सोबतच्या ग्लिमेपिराइडनं. एकटं व्होग्लिबोज सहसा साखर पाडत नाही. या गोळ्या घेणाऱ्यानं जवळ साधी ग्लुकोज पावडर ठेवायची. डब्यावर 'ग्लुकोज' किंवा 'डेक्स्ट्रोज' लिहिलेलं पाहून घ्या. काही डब्यांत साखरही मिसळलेली असते. ७० च्या खाली गेलं की तीन सपाट चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्धा ग्लास पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की भाकरीचा तुकडा किंवा जेवण. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, तसंच दवाखान्यात न्या आणि व्होग्लिबोज चालू आहे, हे तिथे पोचल्यावर सगळ्यात आधी सांगा.